तळटीपेतला माळी

नाताळची सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी मी एक वळकटी, एक ट्रंक आणि एक मेलेला राजा घेऊन पुण्याहून निघालो. राजा ट्रंकेत होता, साडेतीनशे पानांचा. जर्मनीच्या एका कोपऱ्यात, तीनशे वर्षांपूर्वी, होर्नवाल्ड नावाचं चिमुकलं संस्थान होतं आणि तिथे ओडिलो नावाचा राजा राज्य करत होता. शाळेत इतिहास शिकवून उरलेल्या वेळात मी दहा वर्षं खपून या राजाचं चरित्र लिहिलं. पुण्यात त्याची कुणालाही फिकीर नाही. आमच्या घरात तर त्याला नुसतं ‘तुमचा तो’ म्हणतात. निघताना ही म्हणाली, “शाल घ्या. तुम्हाला नको असेल तर तुमच्या त्याला पांघरा.”

अशा माणसाला अमरावतीहून तीन व्याख्यानांचं आणि परतताना अकोल्याला एका व्याख्यानाचं आमंत्रण यावं, ही नवलाचीच गोष्ट. पत्र नानासाहेब वकिलांचं होतं. त्यांनी माझं पुस्तक विकत घेऊन वाचलं होतं. असा माणूस भेटायला मी काबूललाही गेलो असतो, अमरावती तर आपल्याच भाषेतलं गाव.

मनमाडला गाडी बदलली. भुसावळच्या पुढे डब्यात समोर एक कापसाचे दलाल येऊन बसले. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात फुटाण्यांचा पुडा. त्यांनी आधी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कुठं?”

“अमरावतीला. व्याख्यान आहे. जर्मनीतल्या एका राजावर.”

“जिता हाये?”

“छे, तीनशे वर्षं झाली जाऊन.”

ते थोडा वेळ चावत राहिले. “मंग आता काऊन?” (काऊन म्हणजे कशासाठी.)

या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रस्तावनेत चौदा पानं चाललं आहे, पण त्या डब्यात मला एक वाक्य सुचलं तर शपथ. त्यांनाच माझी दया आली असावी. पुडा पुढे करून म्हणाले, “राजाचं काय घेऊन बसले मास्तर. आमचं वऱ्हाड कागदावर निजामाचं, राज्य इंग्रजाचं अन् कचेरी नागपूरले. आमचाच राजा कोन, हे आमाले सांगता येत नाही.” अकोल्याला ते उतरले. फलाटाबाहेर कापसाच्या गाठींचे मनोरे लागले होते आणि हवेत सरकीचा वास होता.

बडनेऱ्याला पुन्हा गाडी बदलून अमरावतीला पोचलो. नानासाहेब स्वतः स्टेशनवर आले होते. भारदस्त, गोरे, आवाज कोर्टात कमावलेला. त्यांनी गावभर वाटलेली जाहिरात माझ्या हातात दिली. तीत माझ्या नावामागे ‘प्रोफेसर’ छापलं होतं. मी साधा हायस्कूलचा मास्तर. चूक दाखवायला तोंड उघडलं, पण एवढी शाई खर्ची पडली होती, तेव्हा म्हटलं जाऊ दे.

माझी उतरायची सोय त्यांनी गावाबाहेर दोन मैलांवर, परतवाड्याच्या रस्त्याला असलेल्या आपल्या संत्र्याच्या बागेत केली होती. “तिथं शांतता आहे. तुम्हाला टिपणं काढायला बरं,” ते म्हणाले. दमणीतून (माणसं बसायची हलकी बैलगाडी) आम्ही निघालो. दोन्ही हातांना काळी जमीन आणि पांढरा कापूस. बाया ओटीत कापूस वेचत होत्या आणि आमच्याकडे पाहून काहीतरी बोलून खो खो हसत होत्या. माझ्या पुणेरी पगडीचा त्यात वाटा असावा.

बाग मोठी देखणी. मधोमध तीन खोल्यांचा बंगला, मागे विहीर, विहिरीलगत वांगी-मिरचीचा पट्टा आणि चारी बाजूंनी संत्र्याची झाडं. फाटकाशी पांडुजी उभे होते. हे तिथले माळी. पन्नाशी उलटलेली, काटकुळं शरीर, डोक्याला पांढरं मुंडासं. बारा वर्षांपूर्वी जंभेरीच्या (एक जातीचं रानलिंबू) रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून, म्हणजे कलमं करून, यातलं एकूण एक झाड त्यांनीच वाढवलं होतं. बागेच्या कोपऱ्यातलं मातीचं घरही त्यांनीच बांधलेलं.

नानासाहेब त्यांच्यादेखतच मला म्हणाले, “गेल्या वर्षी गारपिटीनं बहर गेला, त्याच्या आदल्या वर्षी रोगानं. मी पांडुजींना सांगून ठेवलंय. औंदा बहर चुकला तर बाग दुसऱ्याच्या हाती देईन.”

पांडुजी झाडांकडे पाहत होते.

दुपारी नानासाहेबांच्या घरून डबा आला, पण खरं जेवण झालं ते पांडुजींच्या अंगणात. विस्तवावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यावर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मूठभर सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर), सोबत पांडुजींच्या बायकोनं थापलेली ज्वारीची भाकर. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं, दुसऱ्याला डोळ्यांतून. तिसरी भाकर मी मागून घेतली.

संध्याकाळी पहिलं व्याख्यान. सभागृह गच्च भरलेलं. वऱ्हाडी श्रोता टाळ्या वाजवायला कंजूष आणि प्रश्न विचारायला उदार. मी ओडिलोचं बालपण सांगितलं: बाप लढाईत गेला, पोर नवव्या वर्षी गादीवर बसलं, आईनं अकरा वर्षं कारभार पाहून राज्य सांभाळलं. संपल्यावर मागून एक गृहस्थ उठले.

“अकरा वर्षं राज्य आईनं केलं म्हणता. मंग त्या बाईचं नाव काऊन नाही सांगितलं?”

मला ते आठवेना. सभा हसली, मीही हसलो, आणि गडबडीत चहा घेतला. एकूण स्वागत मात्र मनापासूनचं होतं. बागेत परतलो तेव्हा मी जमिनीवरून दोन बोटं वर चालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगावर घेत बागेत फिरायला निघालो. आणि माझ्या लक्षात आलं की झाडं मरायला टेकली आहेत. पानं मलूल, कडा आत वळलेल्या, खाली सडा पडलेला. आळ्यांतली (झाडाभोवतीचे गोल वाफे) माती भेगाळलेली. आणि तिकडे विहिरीवर मोट चालू होती. पाणी खळखळत वांग्यांना चाललं होतं. मला राग आला. वांग्यांना पाणी आणि संत्र्यांना काही नाही? पांडुजी भाजी घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेले होते. मोटेवर महादू नावाचा गडी होता.

मी म्हटलं, “अरे, या झाडांना पाणी का देत नाही?”

“पांडुजी नाही म्हनते.”

मी इतिहासाचा मास्तर. हुकूम कसा द्यावा हे मला पुस्तकांतून पाठ. मी घसा साफ करून म्हणालो, “नानासाहेबांनी सांगितलं आहे. या बाजूच्या झाडांना पाणी सोड.”

नानासाहेबांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण त्यांनी झाडांची दशा पाहिली असती तर सांगितलंच असतं, असा माझा हिशेब. महादूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग फावड्यानं पाटाचं तोंड फिरवलं. दुपारपर्यंत चाळीस झाडं भिजली. पाणी आळ्यांत शिरताना पाहून मला इतका आनंद झाला की मी महादूला पुण्याहून आणलेला चिवडा दिला.

त्या संध्याकाळचा विषय होता ओडिलोचा न्याय. यातला माझा आवडता प्रसंग नारंगीघराचा. त्या बर्फाच्या मुलुखात राजाला संत्र्याचा भारी शौक. लाकडी पिंपांत झाडं लावलेली, हिवाळ्यात ती मोठमोठ्या काचेच्या खिडक्यांच्या दालनात ठेवायची आणि खाली भट्ट्या पेटवून ऊब द्यायची. एका हिवाळ्यात सगळी झाडं गारठून मेली. राजानं म्हाताऱ्या माळ्याला भर दरबारात उभं केलं आणि त्याच दिवशी संस्थानाबाहेर घालवलं. वीस वर्षांच्या चाकरीचीही भीड धरली नाही. “असा न्यायनिष्ठुर राजा,” असं म्हणून मी टेबलावर थाप मारली. अध्यक्षस्थानी नानासाहेब होते. त्यांनी जोरानं मान हलवली.

आता जे मी सांगितलं नाही ते. माझ्या पुस्तकाच्या तळटीपेत, बारीक टायपात, एक गोष्ट आहे. माळी त्या दिवशी रजा घेऊन गावाला गेला होता. राजानं नारंगीघरात मेजवानी दिली. भट्ट्यांच्या धुरानं पाहुणे खोकायला लागले, म्हणून राजानं स्वतः खिडक्या उघडायला लावल्या आणि मग कुणालाच त्या लावायचं भान राहिलं नाही. दरबारातल्या झाडून साऱ्यांना हे ठाऊक होतं. एका दरबाऱ्याच्या रोजनिशीत ते लिहिलेलंही आहे. पण व्याख्यानात घेतलं की राजाची उंची कमी होते, म्हणून मी ते तळटीपेत नेऊन ठेवलं. तळटीप कोणी वाचत नाही.

पांडुजी बाजारातून परस्पर सभेला आले होते. नानासाहेबांनीच त्यांना बोलावलं होतं, संत्र्याचा विषय म्हणून. ते दाराशी बसले होते. शंकासमाधान सुरू झालं तसे उठले आणि मुंडासं सारखं करत म्हणाले, “झाडं कोनाच्या हातानं मेली, हे कोनी पाह्यलं होतं का जी?”

मी म्हणालो, “तशी नोंद नाही.”

बस, इतकंच. तीन शब्द. तोंडातून गेले आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ओसरीवर आलो तर पांडुजी बागेत उकिडवे बसलेले. ओली माती चिमटीत धरून पाहत होते. मी मोठ्या उत्साहानं हाक मारली, “काय पांडुजी, झाडं कशी तरतरीत झाली ना?”

ते उठून आले. आवाज शांत होता. त्यांनी मला जे समजावलं ते पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. संत्र्याला फुलं यावीत म्हणून पौषाच्या सुमाराला झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. महिनाभर तसं ठेवायचं आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलं येतात. मधेच कुणी पाणी दिलं तर ताण मोडतो. झाड पालवीवर जातं, फुलं येत नाहीत. ताण नव्यानं द्यावा तर थंडी सरून जाते.

“म्हणजे ही चाळीस झाडं...”

“ह्या बहराची गेली,” पांडुजी म्हणाले.

महादूनं त्यांना पाणी कुणी सोडायला लावलं ते सांगितलं असणार, हे उघड होतं. मी काही बोलणार तोच फाटकाशी दमणी वाजली. नानासाहेब मला न्यायला आले होते. दुपारचं जेवण त्यांच्याकडे होतं. उतरल्या उतरल्या त्यांची नजर ओल्या आळ्यांवर गेली. बाग त्यांची होती, ताण म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. चेहरा लाल झाला.

“हे पाणी कोणी दिलं?”

मोटेवरच्या महादूनं बैल थांबवले. मी ओसरीवर कप धरून उभा. पांडुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण नीट पाहिलंही नाही, नजर नुसती वरून गेली. मग म्हणाले, “माह्याकडूनच झालं.”

“तुमच्याकडून? ऐन ताणात?”

“हो जी.”

“मग आता माझं बोलणं संपलं. संक्रांतीपर्यंत घर खाली करा.” नानासाहेब माझ्याकडे वळले आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “चला प्रोफेसर. तुमच्या राजानं केलं तेच बरोबर होतं.”

आणि मी गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. मूग गिळून दमणीत बसलो. नानासाहेबांकडे पाटवड्यांचा झणझणीत रस्सा होता, गोळाभात होता, आग्रह होता. कशाचीच चव लागली नाही. मी मनाशी सबबी जुळवत होतो: पाहुणा आहे, आज शेवटचं व्याख्यान आहे, यजमानांचा विरस कशाला, पुण्याला जाऊन पत्रानं कळवू. सबबी जुळवण्यात माझा हातखंडा आहे. राजाच्या चरित्रात मी दहा वर्षं तेच केलं होतं. जेवताना कधीतरी हे माझ्या ध्यानात आलं.

संध्याकाळी सभागृह पहिल्या दिवसापेक्षा जास्त भरलं होतं. पांडुजी आले नव्हते. येतील कशाला? पण महादू आला होता, मागच्या भिंतीला टेकून उभा. विषय होता ओडिलोची अखेर आणि त्याच्या कारकिर्दीचं मोल. मी टिपणं उघडली. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं आणि कागद मिटले.

म्हणालो, “काल पांडुजींनी इथे एक प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, नोंद नाही. ते खोटं होतं. नोंद आहे.” मग मी तळटीप सांगितली. मेजवानी, धूर, खिडक्या, गप्प बसलेला दरबार. “राजाला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. मलाही ठाऊक होतं आणि मीही बोललो नाही. आणि आज सकाळी मी आणखी एकदा बोललो नाही. नानासाहेब, तुमच्या बागेत पाणी पांडुजींनी दिलं नाही, मी दिलं. तुमचं खोटं नाव सांगून महादूला द्यायला लावलं. मला ताण कळत नाही. आणखी एक, मी प्रोफेसरही नाही.”

शेवटच्या वाक्याला दोघे-तिघे हसले. नानासाहेब हसले नाहीत. ते टेबलाकडे पाहत बसले होते. अध्यक्षीय समारोपासाठी उठले तेव्हा कोर्टातला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“मी तीस वर्षं वकिली करतो,” ते म्हणाले. “आज सकाळी आरोपीला एक प्रश्न विचारला आणि शिक्षा दिली. साक्षीदार समोर चहा घेत उभा होता, त्याला विचारलंच नाही. सभा संपली.” आणि पायात जोडा घालून ते सरळ दमणीकडे गेले. मी मागोमाग धावलो. त्यांनी दमणी बागेकडे घ्यायला सांगितली.

पांडुजी अंगणात बसले होते. बायको आत भांडी बांधत होती. नानासाहेब दमणीतून उतरले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “पांडुजी, माझी चूक झाली. घर खाली करायचं नाही. बाग तुमच्याकडेच राहील, औंदा बहर येवो की न येवो.”

पांडुजींनी मान डोलावली. आतून बाईंचा आवाज आला, “मंग ही भांडी सोडू का जी?”

“सोड,” पांडुजी म्हणाले. नानासाहेबांनी तोंड वळवून उपरण्यानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते. मी ते लपवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पोचवायला पांडुजीच आले. वाटेत मी विचारलं, “तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही?”

“पावने होते तुमी. पावन्याले यजमानाच्या दारात खाली पाहाले लावत नाही आमी.” त्यांनी बैलांना हाकारलं. “अन् मले वाटलं, तुमी सोता बोलसान. मी वाट पाहून राहिलो होतो.”

“मी सकाळी बोललो नाही.”

“नाही बोलले,” ते म्हणाले. वऱ्हाडी माणूस तोंडदेखलं समाधान करत नाही. “संध्याकाळी बोलले. पन तवालोक आमचे हाल झाले.” (तवालोक म्हणजे तोवर.)

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. गाडीत चढताना त्यांनी झाडावरची शेवटची आठ-दहा संत्री माझ्या पंच्यात बांधून दिली.

अकोल्याच्या व्याख्यानात मी नारंगीघराची गोष्ट पहिल्या वाक्यापासून खरी सांगितली. राजा पूर्वीइतका उंच राहिला नाही, पण श्रोत्यांना तो अधिक ओळखीचा वाटला असावा, कारण शंका संपता संपेनात. एका पोक्त बाईंनी विचारलं, “त्या माळ्याचं नाव काय होतं?” ओडिलोच्या सहा घोड्यांची नावं मला पाठ आहेत. माळ्याचं नाव कुठल्याही कागदात नाही. तसं सांगितल्यावर त्या “अरेरे” म्हणून खाली बसल्या.

पुण्याला घरी आलो. हिला सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, “तुमचा तो आणि तुम्ही, सारखेच.” मग चहा ठेवायला गेली. मला वाटतं, त्या राजाविषयी दहा वर्षांत मला कळलं नाही ते एका सकाळी हातात कप धरून उभं राहताना कळलं. दुष्ट नव्हता तो. त्याला फक्त त्या क्षणी बोलणं अवघड गेलं, आणि नंतर रोज थोडं थोडं अधिक अवघड होत गेलं असणार.

हे प्रवासवर्णन लिहायला घेतलं तेव्हा नानासाहेबांना पत्र टाकलं की मला पांडुजींचं नाव यात घालायचं आहे, त्यांना विचारून कळवा. परवा उत्तर आलं. बाकीची बाग फुलांनी पांढरी झाली आहे, चाळीस झाडं नुसती हिरवीगार आहेत. पत्राच्या शेवटी नानासाहेबांनी पांडुजींचा निरोप त्यांच्याच शब्दांत उतरवून दिला होता: “नाव लिहा म्हनावं. पन पानी कोनं देलं, तेही लिहा.”

लिहिलं आहे.